समान काम, वेगळं खातं

आज ऑफिसच्या गर्दीनं भरणाऱ्या मुंबईतल्या प्रभादेवीत एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे. गिरणीत बायका असायच्या त्या बहुतेक सूत गुंडाळण्याच्या वायंडिंग आणि रीलिंग खात्यात. जास्त पगाराचे माग पुरुषांच्या हाती. मग 'एकाच कामाला दोन दर का?' असं विचारायची सोयच नव्हती. खातंच वेगळं ना!

हीच युक्ती ऑफिसातही चालायची. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. शॉर्टहँड तेच, टायपिंग तेच, पण त्यांचा हुद्दा 'लेडी स्टेनोग्राफर' आणि पगार पुरुष स्टेनोपेक्षा कमी. १९७७मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, हा वर्गच वेगळा, शिवाय युनियनशी तसा करार झालाय. हो, युनियनशी!

प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं. २६ मार्च १९८७ रोजी निकाल लागला. काम सारखं असेल तर करारानंही पगार कमी ठेवता येत नाही, आणि 'आम्हाला परवडत नाही' ही सबब चालणार नाही, असं कोर्टानं बजावलं. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण परवडत नाही हे पालुपद नेमकं बाईच्याच पगाराच्या वेळी आठवतं.

म्हणून हुद्द्याचं नाव काय, हे नंतर पाहा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी दिवसभर काय काम करतो, ते आधी पाहा.