कागदावरची नदी



आज आम्ही तुमच्यासमोर अमेरिकेतल्या एका नदीची गोष्ट मांडणार आहोत. तुम्ही म्हणाल, इथे आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसलो आहोत आणि हे अमेरिकेचे काय घेऊन आले? पण त्या नदीच्या पाण्यावरही कापूस होतो. तिथल्या कापूसवाल्याचे रानही पाण्यावाचून पडीक पडले. आणि ते केवळ पाऊस रुसला म्हणून नव्हे, पाण्याचा हिशेब मुळात चुकला म्हणून.

नदीचे नाव कोलोरॅडो. रॉकी पर्वतावरचे बर्फ वितळते आणि ते पाणी वाळवंटातून वाहत येते. अमेरिकेतली सात राज्ये आणि मेक्सिको, मिळून सुमारे चार कोटी माणसे तिच्यावर जगतात. १९२२ साली सात राज्यांनी बसून पाणी वाटून घेतले. त्यांचे माप एकर-फूट, म्हणजे एका एकरात फूटभर उंच उभे राहील एवढे पाणी. वरच्या राज्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या राज्यांना ७५ लाख. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख. बेरीज झाली १ कोटी ६५ लाख.

एवढे पाणी नदीत होते का? वाटणीच्या आधीची काही वर्षे भरपूर पावसापाण्याची होती. त्याच वर्षांच्या मापावर हिशेब बसवला. आपल्यातला कुणी एका सालचे भरलेले ज्वारीचे खळे पाहून दर सालचा खर्च ठरवील, तर घरची म्हातारीही त्याला वेड्यात काढील. तिथेही शहाणे माणूस होते. सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले अभियंते ई. सी. लारू यांनी त्याच दशकात सांगितले की नदीत इतके पाणी नाही. कुणी ऐकले नाही. आणि त्या काठावर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आदिवासींना तर वाटणीच्या बैठकीला बोलावलेच नव्हते.

मग धरणे झाली. १९३५ मध्ये हूवर धरण उभे राहिले, १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडू लागले. लोकांना वाटले, आता चिंता मिटली. पण धरण पाणी साठवते, पाणी तयार करीत नाही. उलट वाळवंटातल्या उन्हाने जलाशयातून लाखो एकर-फूट पाणी दर साल उडून जाते. खालच्या राज्यांच्या वाटणीत ही घट कुणाच्याच नावे मांडली गेली नाही!

२००० सालापासून दुष्काळ लागला, उष्णता वाढली. त्यानंतरच्या वर्षांत नदीचे पाणी सरासरी सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपास आले. कागदावरचे वाटे मात्र तसेच राहिले. हूवर धरणामागचा मीड जलाशय २००० साली जवळजवळ भरलेला होता. जुलै २०२२ मध्ये त्यात जेमतेम २७ टक्के पाणी उरले.

तूट कुणावर पडली? तिथला कायदा सांगतो, ज्याने पाणी आधी घेतले त्याचा हक्क आधी. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने पहिल्यांदा टंचाई जाहीर केली आणि २०२२ सुरू होताच ॲरिझोनातल्या पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांचे कालव्याचे पाणी तुटले. कापूस आणि लसूणघास करणारी ही माणसे. कुणी रान पडीक टाकले, कुणी पुन्हा बोअरकडे वळले. त्याच भागात पूर्वीच्या बेसुमार उपशाने जमीन खचून भेगा पडलेल्या आहेत. आणि सर्वांत शेवटी मेक्सिको. १९६० च्या दशकापासून बहुतेक वर्षी ही नदी समुद्राला मिळतच नाही.

आता म्हणतात, शेतकऱ्याने पाणी उधळले. शेतीला सर्वांत जास्त पाणी जाते, हे खरे. पण हक्काचे पाणी वापरले नाही तर हक्कच जाईल, असा कायदा केला कुणी? वाचवणाऱ्याला शिक्षा आणि वापरणाऱ्याला अभय, मग पाणी वाचवणार कोण?

आपल्याकडे कृष्णेचे वाटप करताना बच्छावत लवादाने थोडे सावध माप धरले. चार वर्षांपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल एवढे, २०६० टीएमसी पाणी वाटायला घेतले. चांगले केले. पण चौथ्या वर्षाचे काय? आपण कोरडवाहू माणसे त्या चौथ्या वर्षातच मरतो.

म्हणून भावांनो, तुमच्या भागात नवे धरण, नवा कालवा जाहीर झाला की टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारा. हा आकडा कोणत्या वर्षांच्या पाण्यावर काढला? उन्हाने उडणारे पाणी कुणाच्या खात्यात मांडले? वर आणखी किती धरणे आहेत? आणि तुटीच्या वर्षी पहिली पाळी कुणाची तुटणार, टेलच्या शेतकऱ्याची की साऱ्यांची सारखी? याची उत्तरे लेखी घ्या. तोंडी पाण्याने रान भिजत नाही.

कोलोरॅडोच्या शेतकऱ्याला हे प्रश्न शंभर वर्षांनी पडले. आपण आजच विचारू.