एफ वन दाबण्याआधी थांबा: घरच्या जुन्या कॉम्प्युटरचे एरर मेसेज

आज एआय नाही, नवा फोन नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्सही नाहीत. आज बोलूया घराच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हरखाली बसलेल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. चालू केला की काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी येतं. आपण न वाचता एखादं बटण दाबतो. मग कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

हे वाक्य गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या घरी आलं. आणि मी ते जवळजवळ मान्य केलं होतं. मी म्हणजे कोण, तर बीटेक झालेली, रोज मुलुंडहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरीला जाऊन सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी.

तर झालं असं. आमचा पीसी २०१०चा. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, त्यावर विंडोज सेव्हन. बाबा बरीच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. सभेची इतिवृत्तं, वर्गणीच्या याद्या, सगळं त्यावर श्रीलिपीत टाइप केलेलं. आता आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, आणि जुने हिशोब बाहेर निघाले. तळमजल्यावरच्या काकूंच्या नावावर २०१३च्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी बाकी दाखवत होते. काकू म्हणतात, "भरली होती." पावती सापडत नव्हती. सोसायटीचं रजिस्टर पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली. उरली फक्त बाबांची यादी, आणि ती या डब्यात.

गणपतीत आम्ही बारा दिवस गावाला होतो. परत आल्यावर बाबांनी पीसी लावला, तर निळा स्क्रीन. क्षणभर दिसतो आणि पीसी पुन्हा रीस्टार्ट. ओळखीचा रिपेअरवाला आला, सवयीने एफ वन दाबून पुढे गेला, निळा स्क्रीन पाहिला आणि म्हणाला, "विंडोज उडालंय. उद्या नेतो, फॉरमॅट करून देतो." मी फोनमधून मान वर न काढता म्हणाले, "द्या ना बाबा, नाहीतरी भंगारच आहे."

बाबा काही बोलले नाहीत. भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि पान उलटून माझ्यासमोर ठेवलं. मागे पेन्सिलीने तारखेनिशी लिहिलेलं. जून: घड्याळ दोन तास मागे. जुलै: पुन्हा मागे, नीट केले. सप्टेंबर: तारीख २००९ची. "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. प्रेस एफ वन." दाबले. निळा पडदा.

म्हणाले, "अगं, तुला तीनदा सांगायला आलो होतो. तू मीटिंगमध्ये होतीस."

मंडळी, ऑफिसमध्ये एखाद्याने असा क्रमवार लॉग दिला तर मी त्याला चहा पाजेन. इथे तो घरात लटकत होता आणि मी पाहिलाच नव्हता.

आता या लॉगचा अर्थ. पीसी चालू होणं म्हणजे मुलुंडहून सुटलेली लोकल समजा. पहिलं स्टेशन, मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो: रॅम आहे का, कीबोर्ड आहे का. दुसरं, तो हार्ड डिस्क शोधतो. तिसरं, विंडोज उभं राहतं. चौथं, आपोआप चालू होणारे छोटे प्रोग्राम सुरू होतात. मेसेज तुम्हाला सांगतो की गाडी कुठल्या स्टेशनवर अडकली. आणि एकापेक्षा जास्त मेसेज आले, तर आधी पहिला वाचायचा. रिपेअरवाल्याने शेवटचा वाचला होता.

आमचा पहिला मेसेज सीमॉसचा. मदरबोर्डवर एक गोल, नाण्यासारखा सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद. पीसी बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज तो सांभाळतो. प्लग चालू असेल तर बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. पण आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत. म्हणजे रात्रभर काम सेलचं. पंधरा वर्षांचा सेल आधी मंदावला, म्हणून घड्याळ मागे पडलं. गावाला गेलो ते बारा दिवस बटण बंद, तेव्हा तो संपलाच.

सेल संपला की सेटिंग्ज मूळपदाला जातात. त्यात एक असतं साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं. आमचं विंडोज टाकलं होतं एएचसीआय मोडमध्ये, आणि बोर्डाचं डिफॉल्ट होतं आयडीई. विंडोजला डिस्क नेहमीच्या पद्धतीने सापडेना, म्हणून निळा स्क्रीन. डिस्क ठणठणीत, फाइल्स जागच्या जागी.

हे पक्कं कसं केलं? विंडोज सेव्हन सुरू होताना एफ एट दाबून ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद केला, म्हणजे निळा स्क्रीन थांबून राहिला. कोडच्या शेवटी होतं सेव्हन बी, म्हणजे बूट डिस्कपर्यंत पोचता येत नाही. मग वायर काढली, सेल बदलला, डिलीट दाबून बायोसमध्ये गेले, तारीख टाकली, साटा मोड एएचसीआय केला, एफ टेन दाबून सेव्ह. विंडोज आलं. बाबा नुसते "हं" म्हणाले.

आता तुमच्या घरासाठी. आधी फोन काढा आणि चालू होतानाचा व्हिडिओ घ्या. मेसेज एक सेकंदच दिसतो, व्हिडिओ थांबवून नीट वाचता येतो. मग बघा:

तारीख चुकतेय, किंवा प्रत्येक वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतेय? सेल बघा. साइटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, आणि २००९मध्ये जगणाऱ्या पीसीला आजचं सर्टिफिकेट चालत नाही. जुना सेल लहान मुलांपासून लांब ठेवा. गिळला तर जिवावर बेततं.

स्क्रीन काळा आणि नुसते बीप? बऱ्याचदा रॅम. मुंबईच्या दमट हवेत तिच्या पट्ट्यांवर थर बसतो. वायर काढा, रॅम काढा, पट्टी साध्या खोडरबरने हलकी घासा, कण पुसा, परत घट्ट बसवा.

"कीबोर्ड नॉट फाउंड"? वायर बघा. घाबरू नका.

"रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस"? आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. मग बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर तिची केबल काढून पुन्हा लावा.

"स्मार्ट स्टेटस बॅड", किंवा डिस्कमधून टकटक आवाज? इथे मात्र प्रयोग बंद. स्मार्टचा मेसेज असेल आणि डिस्क अजून चालत असेल तर सगळ्यात आधी फाइल्स कॉपी. टकटक येत असेल तर पीसी बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला विचारा. पुन्हा पुन्हा चालू केलं की नुकसान वाढतं.

विंडोज येतं, पण "स्पेसिफाइड मॉड्यूल सापडलं नाही" अशी चौकट येते? बहुतेक वेळा ती काढून टाकलेल्या प्रोग्रामची मागे राहिलेली नोंद असते. आमच्याकडे जुन्या प्रिंटरची होती. एमएसकॉन्फिग उघडून स्टार्टअपमधली टिक काढली, संपलं. नेटवरून डीएलएल फाइल उतरवू नका. आणि स्क्रीनवर "व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" आलं तर फोन करू नका. आईबाबांना हे आजच सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

आणि कुणी फॉरमॅट म्हटलं, तर एकच प्रश्न विचारा: "आधी डेटा काढता येईल का?" विंडोज येत नसलं तरी बहुतेकदा येतो. लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल न करता "ट्राय" निवडा, फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. किंवा डिस्क काढून साटा टू यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा पॉवर लागतो, तो अडॅप्टरसोबत आहे ना बघून घ्या.

आम्ही कॉपी केलं, तर नवीनच गंमत. फाइल माझ्या फोनवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला. ती श्रीलिपी जुन्या पद्धतीची, युनिकोड नाही. तो फॉन्ट नसेल तर अक्षरं वाचताच येत नाहीत. म्हणजे फॉरमॅट मारून फाइल्स वाचल्या असत्या, तरी फॉन्ट गेला असता. मग त्याच पीसीवर बसून दोन रविवार आम्ही सगळ्याच्या पीडीएफ केल्या. बाबा फाइल उघडायचे, मी सेव्ह करायचे.

२०१३ची यादी सापडली. काकूंच्या नावापुढे रक्कम, चेक नंबर, तारीख. बाबांनी प्रिंट काढून स्वतः खाली नेऊन दिली. काकूंनी बँकेच्या जुन्या पासबुकाशी नंबर ताडून पाहिला, जुळला. पुढच्या सभेत बाकी काढून टाकली.

पीसी अजून कोपऱ्यातच आहे, पण नेट काढून टाकलंय. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, त्यामुळे त्यावर बँकिंग नको. विंडोज टेनचाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय, तेव्हा तुमचा "नवीन" पीसीही तपासा.

नव्या कालनिर्णयच्या मागे बाबांनी पहिली नोंद केलीय: "सेल बदलला, सप्टेंबर २०२५." मी खाली साटा मोड लिहून ठेवलाय. पुढच्या वेळी मी मीटिंगमध्ये असले तरी त्यांचं अडू नये.

या शनिवारी घरचा पीसी एकदा चालू करा. जो पहिला मेसेज येईल त्याचा फोटो मला पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही मिळून वाचूया. तोवर, काळजी घ्या, बॅकअप घ्या!