वाकडी भिंत, सरळ दोरी

आमच्या जुन्या घरातील आईच्या खोलीला चार भिंती आहेत. काटकोन मात्र एकही नाही. शहाबादी फरशीचा गारवा तिच्या पायांना सोसेना, म्हणून मी तीवर लॅमिनेटच्या फळ्या स्वहस्ते बसविल्या. पहिली ओळ भिंतीला चिकटवून घेतली. भिंतीच्या बाकामुळे ओळ वाकली व सांध्यांत फटी पडल्या. पावसाळ्यात तर फळ्या फुगून मध्येच उचलल्या गेल्या. एका रात्री आई तेथे ठेचाळली.

एक वृद्ध सुतार म्हणाला, "साहेब, भिंतीचं ऐकू नका, दोरीचं ऐका." त्याने खडूची दोरी ताणून सरळ रेघ उठविली व पहिली ओळ तिच्याशी जुळविली. ठोकळ्याशी पेन्सिल धरून तो भिंतीलगत सरकवीत भिंतीचे वळण फळीवर उतरविले आणि त्याबरहुकूम फळी कापली. चोहोबाजूंस सुमारे १० मिलिमीटर फट सोडून ती कडेच्या पट्टीने झाकली. कारण या फळीचा गाभा लाकडाच्या तंतूंचा, दमट हवेत तो फुगणारच.

कचेरीत मी नियमाच्या सरळपणाविषयी दक्ष असतो. त्याला श्वास घेण्यापुरती जागाही सोडावी लागते, हे मात्र मी त्या जमिनीवर शिकलो. आई आता रात्री निःशंक चालते.