‘आम्ही’पासून ‘मी’पर्यंत

‘ते देउम’ हे ख्रिस्ती उपासनेतील लॅटिन स्तुतिस्तोत्र सुमारे दीड हजार वर्षे गायिले जात आहे. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे संत ॲम्ब्रोज यांनी ऑगस्टीन यांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा ते दोघांच्या मुखांतून स्फुरले, अशी आख्यायिका आहे. संशोधक ती ग्राह्य मानीत नाहीत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी केलेल्या नियमांत मात्र रविवारच्या उत्तररात्रीच्या उपासनेत त्याला स्थान आहे. आपल्याकडील काकड आरतीच्या आधीचीच ती वेळ.

पुढे राजेलोकांनी ते विजयोत्सवात आणले. हेंडेलने १७४३ साली डेटिंगेनच्या विजयासाठी त्याला संगीत दिले. एकाचे आभारगीत ते दुसऱ्याच्या शोकाचा दिवस ठरे.

स्तोत्रात मात्र विजयाचा गर्व नाही. देवदूत, प्रेषित, संदेष्टे आणि हुतात्मे यांच्या मेळ्यात ‘आम्ही’ म्हणून आरंभ होतो; मग दयेची याचना येते; आणि अखेरच्या ओळीत अवघा समुदाय मागे सरून एकटा ‘मी’ उरतो. त्याच्यापाशी देवावरील भरवशावाचून काहीच नसते.

हा ‘मी’ परक्या भाषेत किती काळ बोलणार? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचून मराठीचे सामर्थ्य दाखविले होते. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. लॅटिनचे गांभीर्य मोठे खरे. पण एकट्या जिवाचे मागणे मातृभाषेतच मोकळे होते.