वैजापुरची लढत आणि अल्पसंख्यांकांचें मत

२०२४ सालच्या विधानसभा निवडणुकींत वैजापुरची मुख्य लढत दोन शिवसेनांमध्यें झाली. एका बाजूस शिंदे यांच्या पक्षाचे रमेश बोरनारे. दुसऱ्या बाजूस भाजपांतून ठाकरे यांच्या पक्षांत आलेले दिनेश परदेशी. ‘शिवसेनेस कोण पाडील?’ एवढें पाहून मत देणाऱ्या मुसलमान मतदारापुढें आतां ‘कोणती शिवसेना?’ हा प्रश्न आला. बोरनारे निवडून आले.

हा पालट एका दिवसांत घडलेला नाहीं. वैजापूर ज्यांत मोडतें त्या औरंगाबाद लोकसभा मतदारसंघांत २०१४ सालीं काँग्रेसला साडेतीन लाखांवर मतें होतीं. २०१९ सालीं तीं ब्याण्णव हजारांच्या आंत आलीं. मुसलमान मत बहुतांशीं एमआयएमकडे वळलें, आणि प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीशीं झालेल्या युतीमुळें त्यास दलित मतांची जोड मिळाली. तरीहि इम्तियाज जलील यांचें मताधिक्य अवघें ४,४९२! चंद्रकांत खैरे यांच्या पराभवास अपक्ष हर्षवर्धन जाधव यांचीं २,८३,७९८ मतें तितकींच कारण झालीं. विजयाच्या गुलालांत हा हिशेब सहज झांकून जातो. पुढें कांहीं महिन्यांतच जागावाटपावरून ती युति मोडली.

२०२४ सालीं महाविकास आघाडीनें ही जागा ठाकरे यांच्या पक्षास दिली, आणि उमेदवार तेच खैरे. ज्यांच्या विरुद्ध वीस वर्षें मत दिलें, त्यांच्याचसाठीं आतां काँग्रेसचे कार्यकर्ते मोहल्ल्यांत मतें मागूं लागले. वंचितनें आपला निराळा उमेदवार उभा केला. निकाल असा लागला: संदिपान भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०. दुसऱ्या व तिसऱ्या उमेदवारांचीं मतें मिळविलीं तर भुमरे मागें पडतात खरे. परंतु तीं मिळवावयाचीं कशीं? खैरे यांचा जुना शिवसैनिक जलील यांस मत देणारा नव्हे. कागदावरील ही बेरीज मतपेटींत होत नाहीं.

शिवाय मागणाऱ्यानें देण्याचाहि विचार करावयास हवा. त्या लोकसभा निवडणुकींत महाविकास आघाडीनें महाराष्ट्रांतील ४८ पैकीं ३० जागा जिंकल्या. मुसलमान उमेदवार मात्र एकाहि जागीं दिला नव्हता. मुंबईचे काँग्रेस पुढारी नसीम खान यांनीं याच कारणास्तव प्रचारांतून अंग काढून घेतलें होतें.