कॅश काउंटरवरून ‘सीआयडी’त

शिवाजी साटम मूळचे सेंट्रल बँकेतले कॅशियर. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींनी, म्हणजे ‘रामायण’मधल्या दशरथाने, त्यांना हेरलं आणि व्यावसायिक रंगभूमीवर आणलं.

दूरदर्शनवर त्यांची ‘एक शून्य शून्य’ ही मालिका गाजली. पण देशभर नाव झालं ते १९९८ साली, वयाच्या ४७व्या वर्षी. बोटं हवेत फिरवत गुन्ह्याचा माग काढणारे, ‘सीआयडी’ मालिकेत त्यांनी साकारलेले एसीपी प्रद्युम्न मध्य प्रदेशातल्या धार-देवासच्या मराठी घरांतही ओळखीचे झाले. २००४ मधला एक भाग तर सलग १११ मिनिटं, एकही कट न घेता चित्रित झाला! तिथे नाटकाची तालीमच कामी येते.

२०१८ मध्ये थांबलेली मालिका डिसेंबर २०२४ मध्ये परतली, तेव्हा साटम ७४ वर्षांचे होते.