दांताचें मूळ कोण धरून ठेवतें?



‘दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण घरोघर ऐकूं येते. परंतु कित्येकदां असें घडतें, कीं दांत किडत नाहीं, तुटत नाहीं, तरी तो हलूं लागतो आणि एके दिवशीं अलगद हातांत येतो. दांत शाबूत असतां त्याचा आधार कां सुटावा? याचें उत्तर दांताच्या मुळावरील एका पातळ थरांत सांपडतें. या थरास सिमेंटम असें म्हणतात.

भिंतींत खिळा ठोकावा तसा दांत जबड्यांत ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या दरम्यान बारीक तंतूंचे पट्टे असतात. त्यांचें एक टोंक हाडांत व दुसरें सिमेंटममध्यें रुतलेलें असतें. घास चावतांना बसणारा दाब हेच तंतू झेलतात. हिरडीजवळ या थराची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढीहि क्वचितच भरते. त्यांत रक्तवाहिन्या नसतात. वजनाचा सुमारें अर्धा भाग खनिजांचा असतो, आणि उरलेल्यांत कोलॅजेन हें प्रथिन मुख्य.

नांवावरून हा थर म्हणजे गवंड्याचा निर्जीव चुना, असा समज होणें साहजिक आहे. पण तो खरा नाहीं. कोलॅजेनखेरीज या थरांत अल्प प्रमाणांत दुसरीं प्रथिनें असतात. भोंवतालच्या पेशींनीं कोठें थांबावें व काय घडवावें, हें ठरविण्यांत त्यांचा मोठा वांटा आहे. बोन सायलोप्रोटीन हें त्यांपैकीं एक. त्याच्या सांखळींत तीन अमिनो आम्लांची एक विशिष्ट जोडणी असते. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नांवाचे रेणू तिला नेमके पकडतात. पकड बसतांच पेशीच्या आंत संदेश जातो आणि ती तेथें स्थिर होऊन पसरते. ज्या उंदरांत हें प्रथिन तयारच होत नाहीं, त्यांच्या मुळांवर हा थर नीट धरत नाहीं व तंतू सुटून येतात.

दुसरें प्रथिन ‘सिमेंटम प्रोटीन-१’. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठांतील इहिनियो आर्साते व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें जनुक हिरडीच्या पेशींत घातलें. तेव्हां त्या पेशी आपला नित्याचा धर्म सोडून हाडाचीं व सिमेंटमचीं प्रथिनें निर्माण करूं लागल्या. हा प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला.

याचें महत्त्व रोग्याला कळतें. दांतांवर कीटण सांचून हिरडी सुजली, कीं तंतूंची पकड सुटते. पुढें मूळ स्वच्छ केलें, तरी हिरडीच्या त्वचेच्या पेशी झपाट्यानें खालीं उतरून मूळ व्यापतात. तंतू विणणाऱ्या पेशी मागें राहतात. जखम भरते, पण दांताचा आधार परत येत नाहीं. १९८२ सालीं स्वीडनमधील निमन, लिंडे प्रभृति संशोधकांनीं मध्यें पडदा घालून त्वचेच्या पेशींना अडविलें, तेव्हां मुळावर नवें सिमेंटम व त्यांत रुतलेले तंतू दिसून आले. योग्य पेशींना त्याच जागीं बोलावून घेण्याचें काम प्रथिनांकडून करवितां येईल काय, हा आजच्या संशोधनाचा प्रश्न आहे.

सिमेंटमच्या प्रथिनांचें हें काम अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेंतच आहे. तोंवर घरच्या मंडळींनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दांत घांसतांना हिरडींतून रक्त येऊं लागलें, तर दुखत नाहीं म्हणून तिकडे दुर्लक्ष करूं नये. त्याच वेळीं दंतवैद्याकडून कीटण काढून घेतलें, तर मुळावरचा हा थर व त्यांतील तंतू बहुधा वांचवितां येतात.